लोणारची काच किती जुनी? एका खड्ड्याची चार घड्याळं

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना फुटलेले फाटे थोडे छाटलेत, बाकी भाषा तशीच ठेवलीय.

आजचा विषय लोणार. रावेरहून निघालो की मुक्ताईनगर, मलकापूर, बुलढाणा, चिखली, मेहकर करत पोचतो. अंतर दोनेकशे किलोमीटर. खानदेशातल्या बहुतेकांची एक तरी सहल तिथे झालेली असते. वरून दिसणारं हिरवट पाणी, काठावरची देवळं, माकडं, आणि गाईडचं ठरलेलं वाक्य: "साहेब, पन्नास हजार वर्षांपूर्वी इथे उल्का पडली."

आता मोबाईल काढा आणि लोणारचं वय शोधा. एका ठिकाणी ५२ हजार वर्षं दिसेल. दुसऱ्या ठिकाणी ५ लाख ७० हजार. काही जण दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात टाकून मोकळे होतात. हा फरक थोडाथोडका नाही, जवळजवळ अकरा पट आहे. कुणी म्हटलं शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक साडेतीनशे वर्षांपूर्वी झाला आणि दुसरा म्हणाला नाही, चार हजार वर्षांपूर्वी, तर आपण काय म्हणू? "दोन्ही मतं आहेत" म्हणून सोडून देऊ का?

आणि या फरकावर एक मोठा प्रश्न टांगलेला आहे. लोणारला आकाशातून आग पडली तेव्हा ती बघायला आपल्यासारखा माणूस होता का?

आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, पाटणे नावाचं गाव आहे. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. दगडी हत्यारं मिळाली, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, आणि कवचाचा एक तुकडा असा मिळाला की त्यावर आडव्या-तिरप्या रेघा कोरलेल्या आहेत. त्या कवचाचं वय सुमारे २५ हजार वर्षं निघालं. म्हणजे खानदेशात तेव्हा दागिना घालणारा, नक्षी काढणारा माणूस होता. श्रीलंकेतल्या फा-हिएन गुहेत तर आपल्या जातीच्या माणसाचे पुरावे सुमारे ४५ हजार वर्षांपर्यंत मागे जातात. मग लोणार ४०-५० हजार वर्षांचं असेल, तर तो स्फोट कुणीतरी पाहिला असण्याची शक्यता चांगलीच आहे. आणि ५ लाख ७० हजार वर्षांचं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आपली जातच जन्मली नव्हती. आपल्या जातीचे सगळ्यात जुने अवशेष आफ्रिकेत मिळालेत, तेही तीनेक लाख वर्षांचे.

म्हणून हा आकडा महत्त्वाचा. आणि तो ठरवायची पहिली मोठी धडपड झाली ती काचेतून निघणाऱ्या उजेडावर.

खड्डा आहे, पण कशाचा?

आधी थोडा इतिहास. लोणार लोकांना कायम माहीत होतं. पुराणकथेत तिथे लवणासुर राहायचा आणि विष्णूने त्याचा वध केला. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलंय, त्यात लोणारचं खारं पाणी येतं. आणि गंमत म्हणजे, इथे साबण आणि काच बनवायला लागणारा माल मिळतो, अशीही नोंद त्यात आहे. चारशे वर्षांपूर्वी लोणार आणि काच हे शब्द शेजारी-शेजारी आले होते, पण ती काच वेगळी. आपली काच त्याच मातीत पडून होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणार पाहिलं आणि त्याची नोंद केली. पुढे भूशास्त्रज्ञ आले. सगळा दख्खन ज्वालामुखीच्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. मग गोल खड्डा दिसला की पहिला संशय ज्वालामुखीवरच जाणार. १८७० च्या सुमारास ब्लॅनफर्ड यांनी तसंच मांडलं. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नावाजलेल्या भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातल्या एका गोल खड्ड्यावर मत मांडलं. तो कसा झाला असेल हे सांगताना त्याने दाखला दिला तो आपल्या लोणारचा. निष्कर्ष असा, की दोन्ही खड्डे जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झाले.

आज तोच ॲरिझोनाचा खड्डा उल्कापाताचा नमुना म्हणून शाळेच्या पुस्तकात असतो. १९६० मध्ये तिथे कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, जे प्रचंड दाबाखालीच तयार होतं. त्यानंतर उल्केबद्दल शंका उरली नाही. आणि मग साहजिकच लोकांची नजर पुन्हा लोणारकडे वळली. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी विचारलं: हाही उल्केचाच खड्डा नसेल?

पुरावा काचेने दिला. १९७२ मध्ये व्ही. के. नायक यांनी लोणारला सापडलेल्या काचेच्या वस्तूंवर शोधनिबंध छापला. काळे, गुळगुळीत, काही ठिकाणी थेंबासारखे तुकडे. म्हणजे खडक वितळला, हवेत उडाला आणि खाली पडेपर्यंत गोठला. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. तळाशी ड्रिलिंग करून काढलेल्या खडकात त्यांना मास्केलिनाइट मिळालं. हीसुद्धा एक प्रकारची काच, पण वितळून झालेली नाही. धक्का इतका जबरदस्त, की खनिजातल्या अणूंची रांगच मोडली आणि स्फटिकाची जागच्या जागी काच झाली. ज्वालामुखी हे करू शकत नाही. प्रश्न मिटला. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्केचाच.

आणि तो बेसाल्टमध्ये आहे. चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या कितीतरी खड्ड्यांचा खडक हाच. पृथ्वीवर बेसाल्टमधले असे खड्डे बोटावर मोजण्याइतके. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या या तळ्यावर जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ जीव टाकतात.

आता पुढचा प्रश्न: कधी?

काचेतली खोट

इथे थोडं विज्ञान. घाबरू नका, एक उपमा धरून चालू.

स्फटिक म्हणजे १५ ऑगस्टची परेड. प्रत्येक अणू आपल्या ओळीत. काच म्हणजे आठवडी बाजार, आणि कुणीतरी अचानक "स्टॅच्यू!" म्हटलंय. शेजारी-शेजारी उभे आहेत, पण लांबवर ओळ नाही. अशा गर्दीत खोटी राहतातच. कुठे ऑक्सिजनचा अणू हवा तिथे नाही, कुठे त्याचा एक हात कुणालाच न धरता मोकळा आहे, कुठे भलताच अणू घुसलाय.

या खोटी इलेक्ट्रॉनसाठी सापळे असतात. मातीत आणि दगडात किंचित युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतं. वरून अवकाशातले किरण येतात. हा किरणांचा मारा अगदी मंद, पण रात्रंदिवस चालू. तो इलेक्ट्रॉनला जागचं हलवतो आणि त्यातले काही सापळ्यात जाऊन अडकतात. वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतात. मग तुम्ही तो तुकडा तापवला, की इलेक्ट्रॉनला धक्का बसतो, ते सुटतात, आपली जागा शोधतात आणि जाता जाता उजेडाचा कण सोडतात. याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. आपण तापदीप्ती म्हणूया. तापलेलं लोखंड लाल होतं तो उजेड हा नव्हे. हा त्याच्या कितीतरी आधी, कमी तापमानाला येतो, आणि एकदाच येतो. लगेच दुसऱ्यांदा तापवलं तर काही नाही. सापळे रिकामे झालेले असतात.

हे माणसाला फार आधी दिसलं होतं. १६६३ मध्ये रॉबर्ट बॉइल याने एक हिरा अंधारात स्वतःच्या अंगाच्या उबेला धरला आणि तो मंद उजळला. मारी क्यूरी यांनी १९०३ च्या आपल्या प्रबंधात नोंदवलं, की फ्लोराइट हे खनिज एकदा तापवून उजेड संपला तरी रेडियमजवळ ठेवलं की त्याची ताकद परत येते. म्हणजे सापळे पुन्हा भरतात. मग १९५३ मध्ये अमेरिकेतल्या फॅरिंग्टन डॅनियल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं: सापळे ठरावीक वेगाने भरत असतील, तर हे घड्याळ झालं की!

ठिबकचा हिशोब

जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे घड्याळ समजवायला ठिबकपेक्षा चांगलं उदाहरण नाही. केळीच्या बागेत ड्रिपर असतो, समजा तासाला ४ लिटरचा. त्याखाली रिकामी बादली ठेवली. नंतर येऊन पाहिलं तर २० लिटर पाणी. म्हणजे बादली ठेवून ५ तास झाले. घड्याळ बघायची गरजच नाही.

काचेचा तुकडा ही बादली. आजूबाजूच्या मातीतला किरणांचा मारा हा ड्रिपर. आणि उल्का आदळली तेव्हाची उष्णता म्हणजे बादली उपडी करणं. बेसाल्ट वितळायला हजार अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. एवढ्या तापात सगळे सापळे रिकामे. तिथून शून्य सुरू.

प्रयोगशाळेत काय करतात? नमुना अंधारात किंवा मंद लाल दिव्यात हाताळतात, कारण उन्हानेही सापळे रिकामे होऊ शकतात. बारीक करून थोडासा चूर्ण तापवतात. निघणारा उजेड डोळ्याला दिसेल इतका नसतो, म्हणून फोटोमल्टिप्लायर नावाची नळी तो कण-कण मोजते. मग तशाच नमुन्याला किरणोत्सारी स्रोताखाली माहीत असलेला डोस देतात आणि बघतात, किती डोसला किती उजेड येतो. त्यावरून जमिनीत असताना एकूण किती डोस मिळाला ते कळतं. दुसरीकडे माती-दगडातलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम मोजून वर्षाचा डोस काढतात. भागाकार केला की वय. समजा एकूण १०० ग्रे आणि वर्षाला २ मिलिग्रे, तर ५० हजार वर्षं.

लोणारच्या काचेवर हे काम देवाशिष सेनगुप्ता आणि नरेंद्र भांडारी यांनी केलं. भांडारी अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे, चंद्रावरून आणलेले दगड तपासलेल्या पिढीतले. १९८८ मध्ये त्यांनी पहिला अहवाल एका परिषदेत दिला. १९९७ मध्ये ब्राझीलच्या शिगेओ वातानाबे यांच्यासोबत सविस्तर निबंध आला, ब्राझीलच्याच एका नियतकालिकात. आकडा: ५२ हजार वर्षं, सहा हजार इकडे-तिकडे.

आपल्या गाईडचं "पन्नास हजार" आलं ते इथून. काचेच्या खोटीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनमधून.

बादलीच्या तीन भानगडी

आता, मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुठलाही काउंटर दिसला की पहिला प्रश्न: हा कुठे-कुठे खोटं बोलू शकतो? बादलीचा हिशोब तीन ठिकाणी फसतो.

एक, बादली भरून वाहिली. २० लिटरची बादली दहा तासांनीही २० लिटरच दाखवणार. काचेतले सापळेही मोजकेच. भरले की भरले, पुढे कितीही वर्षं जावोत. वय खऱ्यापेक्षा कमी दिसतं.

दोन, बादली गळकी आहे. १९७३ मध्ये ॲन विंटल यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की ज्वालामुखीच्या लाव्हातल्या फेल्डस्पार खनिजात इलेक्ट्रॉन सापळ्यातून आपोआप निसटतात, न तापवता, गणिताने बसायला हवं त्याच्या कितीतरी आधी. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार भरपूर. इथेही वय कमीच दिसतं.

तीन, सुरुवातीला बादली रिकामीच नव्हती. कुणाचं तरी कालचं पाणी तळाशी होतं. इथे मात्र वय जास्त दिसतं.

या तीन भानगडी लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण यांच्यावरच आहे.

दुसरं घड्याळ आणि तिसरं

२००४ मध्ये श्टोर्झर आणि कोबर्ल यांनी त्याच काचेला दुसरा प्रश्न विचारला. युरेनियमचा अणू कधीतरी आपोआप फुटतो आणि काचेत सूक्ष्म ओरखडा सोडून जातो. ओरखडे मोजा, वय काढा. उत्तर आलं १५ हजार वर्षं, पण कमी-जास्त १३ हजार! म्हणजे दोन हजार ते अठ्ठावीस हजार, काहीही. बेसाल्टच्या काचेत युरेनियमच इतकं कमी, की मोजायला ओरखडे हाताच्या बोटांवर. चूक कुणाची नाही. घड्याळाला काटेच कमी.

मग २०११. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाचे फ्रेड जोर्दां, सोबत मॉयनिए, कोबर्ल आणि एरोग्लू. यांनी वापरलं आर्गॉनचं घड्याळ. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार हळूहळू क्षय पावून आर्गॉन वायू बनतो. आर्गॉन कुणाशी मैत्री करत नाही; खडक वितळला की उडून जातो, गोठला की पुन्हा साठायला लागतो. भूशास्त्रातलं हे अतिशय भरवशाचं घड्याळ. 'जिऑलॉजी' या नियतकालिकात त्यांचा आकडा आला: ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडे-तिकडे.

मोठा धक्का. त्या आकड्याने पाहिलं तर काचेच्या उजेडाचं ५२ हजार म्हणजे वाहून गेलेली किंवा गळलेली बादली. पटण्यासारखं होतं. तापदीप्तीची पहिली दोन दुखणी सगळ्यांना माहीत होतीच. मग नेटवर लोणार एकदम अकरा पट म्हातारं झालं.

पण तिसरी भानगड आठवा.

लोणारचा मूळ बेसाल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा, डायनासोरच्या शेवटाच्या काळातला. म्हणजे उल्का आदळली तेव्हा त्या खडकाच्या पोटात कोट्यवधी वर्षांचा आर्गॉन साठलेला होता. आघातात खडक वितळला खरा, पण क्षणात वितळला आणि झटकन गोठला. सगळा आर्गॉन बाहेर पडायला वेळ मिळाला का?

एक साधा, ढोबळ हिशोब करा. ६ कोटी ६० लाखांचा एक टक्का किती? ६ लाख ६० हजार. म्हणजे जुन्या आर्गॉनपैकी ९९ टक्के उडून गेला आणि एकच टक्का मागे राहिला, तरी आज जन्मलेली काच साडेसहा लाख वर्षांची दिसेल. ५ लाख ७० हजार हा आकडा एक टक्क्याच्याही आत बसतो. जोर्दां यांच्या टीमला हा धोका माहीत नव्हता असं अजिबात नाही. नमुना टप्प्याटप्प्याने तापवून, आलेख मांडून जुना आर्गॉन वेगळा काढायची रीत आहे आणि ती त्यांनी वापरली. पण ९९ टक्के आणि १०० टक्के यांतला फरक ओळखायचाय, हे काम किती नाजूक आहे ते बघा.

चौथं घड्याळ

२०१४ मध्ये जपानी टीम आली. नाकामुरा, योकोयामा आणि सहकारी, त्यांत हैदराबादच्या एनजीआरआयचे सेंथिल कुमारही. त्यांनी काचेला विचारलंच नाही. त्यांनी विचारलं काठाला. स्फोटात जमिनीखालचा खडक उलथून वर आला, उघडा पडला. त्या क्षणापासून त्यावर अवकाशातले किरण पडायला लागले आणि दगडात बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ हे दुर्मीळ अणू तयार व्हायला लागले. किती तयार झाले, त्यावरून किती काळ ऊन खाल्लं ते कळतं. शिवाय उधळलेल्या दगडांखाली दबलेली आघाताआधीची माती त्यांनी कार्बन-१४ ने तपासली.

आकडा: ३७ हजार ५०० वर्षं, पाच हजार इकडे-तिकडे. आणि त्यांनी स्पष्ट लिहिलं, की आर्गॉनच्या आकड्यात बहुधा जुन्या खडकाचा वारसाहक्काने आलेला आर्गॉन मिसळलाय.

आता चारही आकडे शेजारी ठेवा. ५२ हजार. १५ हजार, मोठ्या फरकाने. ५ लाख ७० हजार. साडेसदतीस हजार. तीन घड्याळं 'हजारां'मध्ये बोलतायत, एकच 'लाखां'मध्ये. तिन्हींची तत्त्वं वेगवेगळी: एक इलेक्ट्रॉन मोजतं, एक ओरखडे, एक अवकाशातल्या किरणांनी बनलेले अणू. एकाच दिशेने फसायचं तर तिघांना वेगवेगळ्या कारणांनी फसावं लागेल. लाखांवालं घड्याळ फसायला मात्र एकच कारण पुरतं, आणि ते कारण लोणारच्या खडकात हजर आहे. म्हणून माझा कौल हजारांकडे.

पण म्हणून ५२ हजार बरोबर ठरलं का? इथे सावकाश. तापदीप्तीची प्रसिद्ध दुखणी, वाहणं आणि गळणं, वय कमी दाखवतात. आणि इथे तर तापदीप्तीचं वय नव्या आकड्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे साडेसदतीस हजार खरं असेल, तर ५२ हजार चुकायला वेगळं कारण लागेल. एक तर आघातात सगळे सापळे रिकामे झाले नव्हते. नाहीतर ड्रिपरचा वेग कमी मोजला गेला. बेसाल्टमध्ये किरणोत्सारी द्रव्य मुळातच थोडं, त्यामुळे वर्षाच्या डोसमधली लहानशी चूक भागाकारात मोठी होते. दोन आकड्यांच्या चुकीच्या मर्यादा बघितल्या तर एकाची वरची टोक ४२ हजार ५००, दुसऱ्याचं खालचं टोक ४६ हजार. हात मिळवत नाहीत, पण एकमेकांना दिसतात. १९८८ पासून अहमदाबादचे लोक ज्या पट्ट्यात बोट ठेवून बसले होते, तो पट्टा टिकला. सव्वीस वर्षांनी, पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने.

हे पहिलं भांडण नाही

महाराष्ट्रात काचेच्या वयावरून आणखी एक जुना वाद आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ही राख म्हणजे सूक्ष्म काचेचे कण. त्याच्या सोबतीला जुनी दगडी हत्यारं. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉनने वय आलं १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये सुधारित आर्गॉनने ६ लाख ७० हजार. मग १९९८ मध्ये काचेची रासायनिक कुंडली जुळवून काही जणांनी सांगितलं, ही तर इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची ७५ हजार वर्षांपूर्वीची राख! वाद आजही पेटता आहे. राखेला नदीने जुन्या खनिजांची भेसळ केली असेल, तर तिथेही बादली रिकामी नव्हती.

दोन्हीकडे शिकायचं एकच. आकडा वाचताना "किती" इतकंच विचारू नका. "कुठल्या घड्याळाने" आणि "ते घड्याळ फसलं तर कुठल्या बाजूला फसतं" हेही विचारा. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" टाइप मेसेजमध्ये हे दोन प्रश्न कधीच नसतात.

मग कुणी पाहिलं?

परत पहिल्या प्रश्नावर येऊ. साडेसदतीस हजार असो की ५२ हजार, तेव्हा दक्षिण आशियात माणसं फिरत होती. साडेसदतीस हजार धरलं तर आपल्याच जातीची, यात फारशी शंका उरत नाही. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यात, गोदावरीकाठी कुणीतरी त्या दिवशी पाणी भरत असेल, दगड घासत असेल. त्यांनी सूर्यापेक्षा मोठा उजेड पाहिला का? मग आवाज ऐकला का? हाडं मिळाली नाहीत, चित्र मिळालं नाही, त्यामुळे पाहिलं असं म्हणता येत नाही. पण पाहिलं असू शकतं, हे आता ठामपणे म्हणता येतं. पाटण्याच्या मण्यांपर्यंत तिथून बारा-पंधरा हजार वर्षांचं अंतर उरतं. भूशास्त्राच्या हिशोबात शेजारची गल्ली.

अजून एक. हा एपिसोड तुमच्यापर्यंत पोचला तोही काचेतून. ऑप्टिकल फायबर म्हणजे अतिशुद्ध काचेचा धागा, आणि तो बनवणारे इंजिनिअर याच खोटींशी रोज लढतात, कारण त्या प्रकाश गिळतात. ऑक्सिजनचा एक हात मोकळा राहिला की ती जागा वेगळाच लालसर उजेडही देते. फायबरमध्ये जो दोष नकोसा, तोच लोणारच्या काचेत साक्षीदार ठरला. निर्दोष काच असती तर तिच्याकडे सांगायला काहीच नसतं.

आता शेवटी एक विनंती, आणि ती गंभीर आहे. लोणारला गेलात, काठावर काळा चकचकीत तुकडा दिसला, तर तो खिशात घालू नका. एक तर हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, तिथून काही उचलणं योग्य नाही. पण त्याहून मोठं कारण तुम्हाला आता माहीत झालंय. त्या तुकड्याचं वय त्याच्या एकट्यात नाही. त्याच्याभोवतीच्या मातीत त्याचा ड्रिपर आहे. तुकडा घरी शोकेसमध्ये आला की बादली आणि ड्रिपरची ताटातूट झाली. कुठल्या थरात होता, किती खोल होता, सगळं गेलं. वाद अजून संपलेला नाही. उद्या कुणी चांगलं यंत्र घेऊन येईल, आणि त्याला तो तुकडा तिथेच, अंधारात, जसा पडलाय तसा हवा असेल.

फोटो काढा, झूम करून काढा. काच तिथेच राहू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर राम राम!